चौपाटीची धूप मोजायची कशी? नळी, पट्ट्या आणि पंचांग घेऊन करायची मोजणी

दर पावसाळ्यात मुंबईतल्या वर्सोवा, मढ, आक्सा, दादरचे दोन-दोन फोटो शेजारी लावून फिरायला लागतात. एकात ऐसपैस वाळू, दुसऱ्यात पायऱ्यांना लागलेलं पाणी, आणि खाली ओळ: समुद्राने पन्नास मीटर किनारा गिळला. नीट पाहिलं तर पहिला फोटो ओहोटीचा आणि मार्चमधला, दुसरा भरतीचा आणि जुलैमधला. जिथे धूप खरंच चालू आहे तिथेही असा पुरावा कुठल्याही कार्यालयात अर्ध्या मिनिटात उडवला जातो. मग पुढच्या वर्षी खरी कागदपत्रं घेऊन गेलात तरी ‘तेच ते फोटोवाले’ म्हणून बघतात.

ही पद्धत रहिवासी, कोळीवाड्यातली मंडळं, शाळा-कॉलेजचे गट यांच्यासाठी आहे. खर्च फार नाही. लागते ती शिस्त, आणि ती बहुतेक ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच सुटते.

## आधी हे पक्कं करा: पाणी मोजायचं नाही

मुंबईत उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीचं पाणी सरासरी ४.४२ मीटरपर्यंत चढतं आणि उधाणाच्या ओहोटीला ०.७६ मीटरपर्यंत उतरतं. म्हणजे सहा तासांत साडेतीन मीटरपेक्षा जास्त उतार. आपल्या चौपाट्या सपाट आहेत. पन्नास मीटर चाललं की एक मीटर खाली उतरतो असा उतार धरला, तर पाणी दहा सेंटीमीटर खाली गेलं की त्याची कड पाच मीटर मागे सरकते. भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात पाणी सर्वांत वेगाने चढतं-उतरतं. तेव्हा ही कड तासाभरात चाळीसेक मीटर हलते. चारचा फोटो आणि पाचचा फोटो यांच्यातच तुमची ‘पन्नास मीटर धूप’ जवळजवळ बसते.

म्हणून मोजायची ती वाळूची उंची. एका न हलणाऱ्या खुणेपासून, एकाच रेषेवर, ठरावीक अंतरांवर वाळू किती खाली आहे, एवढंच. पाणी कुठे होतं याची नोंद ठेवा, पण निष्कर्ष त्यावरून काढू नका.

याच गोंधळाचं दुसरं रूप दर जून-जुलैत बातम्यांत दिसतं: ‘आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार.’ महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीचे जे दिवस जाहीर करते, तो आकडा भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो, लाटेचा नव्हे. ती पातळी नौकानकाशाच्या शून्यापासून (साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून) मोजलेली असते आणि सरासरी समुद्रपातळीच या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. लाटा त्या पाण्यावर वेगळ्या. तुमच्या वहीत भरतीची पातळी आणि लाटांची उंची यांचे दोन वेगळे रकाने हवेत.

## टप्पा १: रेघ कुठे धरायची

किनाऱ्यापासून समुद्राकडे काटकोनात जाणारी एक रेघ मनात आखायची आणि दर वेळी त्याच रेघेवर मोजायचं. एका चौपाटीवर किमान तीन रेघा घ्या: दोन टोकांजवळ एकेक आणि एक मध्ये.

तीनच का? आक्सा, एरंगळसारख्या किनाऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खडक आहेत. वारा आणि लाटांची दिशा बदलली की वाळू एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. उत्तरेला खड्डा पडतो, दक्षिणेला ढीग होतो, आणि एकूण वाळू तेवढीच राहते. फक्त उत्तर टोकाला मोजणारा ‘किनारा चालला’ म्हणेल, दक्षिणवाला ‘किनारा वाढतोय’ म्हणेल. दोघांचे आकडे बरोबर आणि दोघांचा निष्कर्ष चूक.

टाळायच्या जागा अशा:

नाल्याचं तोंड. पावसाळ्यात नाल्याचा प्रवाह दर आठवड्याला वाट बदलतो आणि वाळू कापत जातो. वर्सोव्याच्या उत्तर टोकाला मालाडच्या खाडीचं मुख आहे. तिथली वाळू खाडीच्या तालावर हलते, चौपाटीच्या नाही.

होड्या ओढायची जागा, ट्रॅक्टर फिरतो तो पट्टा, भेळपुरीच्या गाड्यांसमोरचा पट्टा. तिथे वाळू माणसं हलवतात.

संरक्षक भिंतीचं टोक. भिंत जिथे संपते त्याच्या लगेच पुढे लाटा हमखास जास्त कुरतडतात. ती जागा मोजायची असेल तर जरूर मोजा, पण चौथी रेघ म्हणून. संपूर्ण चौपाटीच्या नावाने ती दाखवू नका.

## टप्पा २: न हलणारं निशाण

सगळी मोजणी या एका खुणेवर उभी असते आणि सर्वांत जास्त हलगर्जीपणा इथेच होतो. नारळाचं झाड, विजेचा खांब, सुरक्षारक्षकांचा मचाण, झोपडीचा कोपरा यांतलं काहीही चालणार नाही. झाड वाऱ्यात पडतं, खांब बदलतात, मचाण दर मोसमात सरकतो.

चालेल ते असं: जुन्या पक्क्या भिंतीचा कोपरा, देवळाच्या जोत्याचा दगड, जेट्टीची वरची पायरी, उघड्या कातळावरची ओळखता येणारी चीर. रंग फासण्याआधी मालकाला विचारा. किल्ल्याच्या किंवा संरक्षित वास्तूच्या दगडावर रंग लावू नका. पायरीचा कोपरा आहे तसाच निशाण म्हणून वापरता येतो.

एक निशाण पुरत नाही. पहिल्याच्या मागे, जमिनीकडे, दुसरं निशाण धरा. समुद्राकडे जाताना मागे वळून पाहिलं की दोन्ही एकापुढे एक यायला हवीत. म्हणजे तुम्ही रेघेवर आहात. शंभर मीटर चालल्यावर नुसत्या अंदाजाने माणूस दहा-पंधरा मीटर बाजूला सरकतो आणि त्याला ते कळतही नाही.

निशाणाला एक पातळी द्या. समुद्रपातळीशी जोडायची गरज नाही, ‘१०.०० मीटर’ असं मानून चाला. शून्य मानलंत तर पुढचे सगळे आकडे उणे येतात आणि बेरजा चुकतात.

तपासणी: निशाणाचं वर्णन लिहून, तुमच्या गटाबाहेरच्या एखाद्याला ते देऊन किनाऱ्यावर पाठवा. त्याला दहा मिनिटांत ते सापडलं नाही, तर वर्णन पुन्हा लिहा.

## टप्पा ३: साहित्य

दोन सरळ पट्ट्या, दीड ते दोन मीटर उंच, सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या. लाकडी घ्या किंवा प्लास्टिकचा जाड पाइप. ऊन-पाण्याने वाकणाऱ्या नकोत.

गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, सात-आठ मीटर लांब. आत पाणी आणि चिमूटभर कुंकू किंवा दोन थेंब शाई, म्हणजे उन्हात पातळी दिसते.

पंधरा किंवा तीस मीटरची कापडी टेप, ओळंबा किंवा छोटी पाणसळ, वही, पेन्सिल. शाईचं पेन नको. एका शिंतोड्यात पान जातं.

प्रत्येक पट्टीच्या तळाला तळहाताएवढा प्लायवूडचा तुकडा स्क्रूने बसवा. हे क्षुल्लक वाटतं, पण ओल्या वाळूत उघडी पट्टी तीन-चार सेंटीमीटर रुतते, आणि ती किती रुतेल हे धरणाऱ्याच्या वजनावर आणि कंटाळ्यावर ठरतं.

फोनचा जीपीएस फक्त रेघेची जागा नकाशावर दाखवायला वापरा. मोकळ्या आकाशाखालीही त्यात चार-पाच मीटरची चूक सहज असते. त्यावरून ‘दोन मीटर किनारा गेला’ म्हणणं फोल आहे.

नळी नसेल तर क्षितिजावरून मोजायची पद्धतही आहे. दोन सारख्या उंचीच्या पट्ट्या उभ्या करायच्या, मागच्या पट्टीजवळ डोळा ठेवून पुढच्या पट्टीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं, आणि ती रेषा मागच्या पट्टीवर टोकाच्या किती खाली येते ते वाचायचं. तेवढा उतार. ही पद्धत झपाट्याने होते, पण हिवाळ्याच्या सकाळी मुंबईच्या धुरकटात क्षितिज दिसत नाही आणि संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. माझं मत विचाराल तर नळीच घ्या. काहीही घेतलंत तरी मध्येच पद्धत बदलू नका.

## टप्पा ४: दिवस आणि वेळ

इथे पंचांग कामाला येतं. कोळीवाड्यात कोणालाही विचारा: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. त्याच्या सहा तास आधी-नंतर सुकती, म्हणजे ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून हा हिशेब महिन्याचं वेळापत्रक आखण्यापुरता. मोजणीच्या आदल्या दिवशी मुंबईचा छापील किंवा अधिकृत भरती-ओहोटी तक्ता पाहून वेळ पक्की करा.

आपल्याला उधाणाची ओहोटी हवी, कारण तेव्हा वाळू सर्वांत जास्त उघडी पडते. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी सकाळी अंधार असतो. म्हणून द्वितीया किंवा तृतीया धरा. पाणी तेव्हाही उधाणाचंच असतं, बऱ्याचदा पौर्णिमेपेक्षा थोडं जास्तच, आणि ओहोटी सात ते सव्वाआठच्या दरम्यान येते. ऊन पाठीशी, गर्दी कमी, उजेड भरपूर.

अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. ओहोटी दुपारी येते, पाणी फारसं उतरत नाही आणि खालचा अर्धा किनारा पाण्याखालीच राहतो. त्या दिवशी सुट्टी आहे म्हणून मोजायला जाऊ नका.

ओहोटीच्या सव्वा-दीड तास आधी निशाणावर सुरुवात करा. पाणी उतरतंय तसे तुम्ही खाली सरकता आणि ओहोटीच्या क्षणाला शेवटच्या टोकाला पोहोचता. उलट केलंत, म्हणजे ओहोटीला सुरुवात केलीत, तर वाढतं पाणी पाठलाग करतं आणि शेवटची मापं घाईत चुकतात.

महिन्यातून एकदा पुरे. तेही जमणार नसेल तर वर्षात दोन मोजण्या कधीच चुकवू नका: मेच्या मध्याला, पावसाळ्याआधी, आणि ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावर.

दिवस निवडताना हेही बघा. गणेश विसर्जनाच्या आधी गिरगाव, जुहूसारख्या चौपाट्यांवर गाड्या रुतू नयेत म्हणून लोखंडी प्लेटा टाकतात आणि यंत्रांनी वाळू सपाट करतात. छठपूजेला जुहूवर वाळूत खड्डे खणले जातात. अशा दिवसांनंतर निदान एक उधाण जाऊ द्या. लाटा वाळू परत लावून घेतात.

सावधान: हवामान खात्याचा किंवा हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा असेल तर मोजणी रद्द. पावसाळ्यात एकट्याने जायचं नाही. जीवरक्षकाला आधी सांगायचं. आक्साला पाण्याखाली खळगे असतात आणि दरवर्षी तिथे माणसं जातात, म्हणून तिथे मोजणी घोट्याएवढ्या पाण्याशी थांबवायची. जुलै-ऑगस्टमध्ये जुहू-गिरगावला निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल नावाचे समुद्री जीव वाहून येतात. मेलेल्याचाही डंख बसतो, म्हणून बूट घालून जा.

## टप्पा ५: प्रत्यक्ष मोजणी

तीन माणसं हवीत. एक मागची पट्टी धरतो, एक पुढची, तिसरा लिहितो. लिहिणाऱ्याने पट्टी धरायची नाही आणि पट्टीवाल्याने मनात वजाबाकी करायची नाही. वाचलेले मूळ आकडे जसेच्या तसे लिहा, हिशेब घरी.

१. नळी भरताना बादलीत एक टोक बुडवून पाणी हळूहळू ओढा. दोन्ही टोकं शेजारी धरा; पाणी एकाच उंचीवर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर कुठेतरी बुडबुडा अडकलाय. नळी झटकून, हळूहळू वर उचलत तो बाहेर काढा. ही तपासणी दर रेघेच्या सुरुवातीला करायचीच. आधीच्या रेघेला ठीक होती हे उत्तर नाही.

२. निशाणापासून खालच्या वाळूपर्यंत टेपने उंची मोजा. समजा १.८५ मीटर आली. निशाण १०.०० मानलंय, तेव्हा तिथल्या वाळूची पातळी ८.१५.

३. मागची पट्टी तिथे उभी करा, पुढची रेघेवर पाच मीटरवर. दोन्ही ओळंब्यात. नळीचं एकेक टोक प्रत्येक पट्टीला लावा, पाणी स्थिर होऊ द्या, मग दोघांनी एकाच वेळी आकडा मोठ्याने सांगा. मागे १.१२, पुढे १.३७ आला, तर पुढची वाळू २५ सेंटीमीटर खाली: ८.१५ वजा ०.२५, म्हणजे ७.९०.

४. आता मागच्या माणसाने पुढच्याला ओलांडून जायचं नाही. त्याची पट्टी पुढच्या पट्टीच्या नेमक्या जागी येते आणि पुढची पट्टी आणखी पुढे जाते. पुढच्या मापात मागे १.२०, पुढे १.२९ आलं तर ७.८१. असं करत पाण्यापर्यंत.

वरच्या वाक्यातली ‘नेमक्या जागी’ ही अट लोक सर्वांत जास्त मोडतात. पुढची पट्टी उचलायच्या आधी तिच्या तळाशी चप्पल किंवा झेंडी ठेवा. अर्धा फूट इकडेतिकडे झालं तर प्रत्येक पायरीला चूक साचत जाते.

सपाट भागात पाच मीटरवर माप घेतलं तरी चालेल. उतार बदलतो तिथे, म्हणजे वाळूच्या उंचवट्याच्या माथ्यावर, कापलेल्या कडेच्या वर आणि खाली, कातळ उघडा पडतो तिथे, अंतर कितीही कमी असो, माप घ्यायचंच. पाच-पाच मीटरच्या हट्टापायी मधली एक मीटरची कड गाळली तर आलेखात तिथे गुळगुळीत उतार दिसतो आणि धुपेची मुख्य खूणच नाहीशी होते. कड फार उंच असेल तर वरून सरळ फळी आडवी धरा, पाणसळ ठेवा आणि फळीच्या टोकापासून ओळंबा सोडून खोली मोजा.

पट्टी ठेवण्याआधी जागेवरचा कचरा बाजूला करा. वर्सोवा, दादरला भरतीनंतर प्लास्टिक आणि चिंध्यांचा थर इतका असतो की पट्टी वाळूवर नाही, कचऱ्यावर उभी राहते. वाळूत अर्ध्या पुरलेल्या साडीवर तर कधीच नको.

उंचीबरोबर रेघेवर कुठे काय आहे तेही अंतरासह लिहा: मर्यादावेल (वाळूवर पसरणारी वेल) कुठे संपते, सुरूच्या झाडांच्या मुळ्या उघड्या आहेत का, कालच्या भरतीची कचऱ्याची रेघ, ओली आणि कोरडी वाळू यांची सीमा, चिखल सुरू होतो ती जागा, डांबरगोळे असतील तर ते. मर्यादावेलीची कड ही फार चांगली खूण आहे. ती रोजच्या भरतीने हलत नाही. ती मागे हटली तर लाटा खरंच तिथवर पोहोचू लागल्या आहेत. मात्र सुशोभीकरणात ती उपटली गेली असेल तर तसं लिहून ठेवा.

तपासणी: टोकापासून निशाणापर्यंत मोठी पावलं घेत, कमी मापांत, परत मोजत या. निशाणाची पातळी पुन्हा १०.०० च्या पाच सेंटीमीटर आत यायला हवी. तीसेक मापांच्या रेघेवर एवढी चूक स्वाभाविक आहे. त्याहून जास्त आली तर त्या दिवसाची रेघ बाद करा. ‘थोडं वाटून टाकू’ असं म्हणून आकडे जुळवू नका.

## टप्पा ६: फोटो

निशाणावर उभं राहून तीन फोटो: समुद्राकडे, डावीकडे, उजवीकडे. फोन छातीच्या उंचीवर आडवा, साध्या लेन्सवर; रुंद कोनाच्या लेन्सने वाळू दुप्पट दिसते. चौकटीत एक पट्टी उभी हवी. तारीख, वेळ आणि त्या वेळची भरतीची पातळी फोटोच्या नावातच घाला. एवढं केलं की तुमचा फोटो पुरावा होतो.

## टप्पा ७: आकडे मांडणं

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी हिशेब करा. आलेखाच्या कागदावर आडवं अंतर, उभी पातळी. दोन मोजण्या एकावर एक काढल्या की मधली जागा म्हणजे गेलेली किंवा आलेली वाळू.

निशाणापासून २० ते ४० मीटर या पट्ट्यात वाळू सरासरी ३० सेंटीमीटर खाली गेली असेल तर २० गुणिले ०.३०, म्हणजे किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे ६ घनमीटर वाळू कमी झाली. हा आकडा ‘किती मीटर किनारा गेला’ यापेक्षा जास्त बोलका आणि जास्त भरवशाचा असतो.

तरीही मीटरमध्येच उत्तर हवं असेल तर एक पातळी कायमची ठरवा. नेहमीच्या भरतीच्या कचऱ्याची रेघ साधारण ज्या पातळीवर येते ती घ्या, समजा तुमच्या मापात ६.०० मीटर. दर वेळी आलेखात ही पातळी निशाणापासून किती अंतरावर येते ते वाचा. एका ऑक्टोबरात ४२ मीटर, पुढच्या ऑक्टोबरात ३९.५, तर किनारा अडीच मीटर मागे आला. त्या दिवशी पाणी कुठे होतं याचा इथे काही संबंध उरत नाही.

सर्वांत मोठी चूक तुलनेत होते. जून ते सप्टेंबर पावसाळी लाटा वरची वाळू ओढून पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर नेऊन टाकतात. पाऊस गेला की लाटा मऊ होतात आणि तीच वाळू हळूहळू वर येते. मेची मोजणी ऑगस्टच्या मोजणीशी लावली तर मुंबईतला कुठलाही किनारा ‘उद्ध्वस्त’ दिसेल, आणि ऑगस्टची पुढच्या मार्चशी लावली तर ‘चमत्काराने वाचलेला’. मेला मे लावा, ऑक्टोबरला ऑक्टोबर. तीन वर्षांची जोडी हातात येईपर्यंत ‘दरवर्षी एवढी धूप’ हे वाक्य लिहू नका.

## टप्पा ८: उपग्रहाच्या चित्रांचा वापर, जपून

गूगल अर्थवर जुनी चित्रं फुकट दिसतात आणि दहा-वीस वर्षं मागे जाता येतं. मोह होणारच. तीन गोष्टी आधी करा.

दोन्ही चित्रांत वर्षानुवर्षं न बदललेल्या इमारतीचा कोपरा शोधा आणि तो एकाच जागी येतो का पाहा. कित्येकदा चित्रच काही मीटर सरकलेलं असतं. तेवढं सरकणं धुपेच्या आकड्यातून वजा करावं लागतं.

चित्राची तारीख बघा. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं जवळपास नसतातच, त्यामुळे ऑक्टोबरचं आणि मेचं चित्र नकळत शेजारी येतं. चित्र घेतल्याची वेळ बहुधा दिसत नाही, म्हणून भरतीची पातळी कळत नाही. पाण्याची कड सोडा. मर्यादावेलीची किंवा झाडांची कड मोजा.

चित्राचा एक ठिपका जमिनीवर किती मोठा हे माहीत हवं. लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, सेंटिनेल-२ चा १० मीटरचा. दोन लँडसॅट चित्रांवरून ‘वर्षाला दीड मीटर’ असं कोणी सांगत असेल तर किती चित्रं वापरली आणि भरतीचा फरक कसा काढला, हे विचारा. शेकडो चित्रं घेऊन असा कल काढता येतो. दोन चित्रांत नाही.

## टप्पा ९: कारण लिहिण्याआधी

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून देशाच्या ३३.६ टक्के आणि महाराष्ट्राच्या सुमारे २५ टक्के किनाऱ्यावर धूप नोंदवली आहे. हे आकडे तुमच्या अर्जात पार्श्वभूमी म्हणून ठीक. पण राज्याचा आकडा तुमच्या पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, चिकटवू नका. उरलेला मोठा भाग स्थिर आहे, आणि काही ठिकाणी वाळू साठतेही आहे.

कारणांची यादी सगळ्यांना पाठ असते: भराव, भिंती, रेतीउपसा, खाडीतून येणारी वाळू अडणं, वाढती समुद्रपातळी, वादळं. यातलं नेमकं कोणतं, हे वाळूच्या मोजणीतून सिद्ध होत नाही. मोजणी फक्त कधी, कुठे आणि किती एवढं सांगते. मात्र ‘कधी’ नीट लिहिलं असेल तर बरंच कळतं. म्हणून वहीच्या शेवटी घटनांची तारीखवार यादी ठेवा: वादळ (३ जून २०२०चं निसर्ग, १७ मे २०२१चं तौक्ते), जवळ सुरू झालेलं बांधकाम, नवी भिंत, नाला वळवणं, रेती उचलणाऱ्या गाड्या दिसल्या तो दिवस. समोर भिंत २०२३ मध्ये बांधली आणि वाळू २०२१ पासूनच उतरत होती असं वहीत दिसलं, तर भिंतीला मूळ कारण म्हणणारा अर्ज तुमचाच विरोधक तुमच्या आकड्यांनी फाडेल. भिंतीनंतर उतरण्याचा वेग वाढला असेल तर तेच, तेवढंच लिहा.

भिंत हवी अशी मागणी करण्याआधीही वही उघडा. उभ्या भिंतीवर लाट आपटून परतते आणि पायथ्याची वाळू घेऊन जाते. मागचा रस्ता वाचतो, समोरची पुळण बहुधा जाते. रस्ता वाचवायचाय की पुळण, हे वस्तीने आधी ठरवायचं.

## टप्पा १०: अर्ज कुठे, कसा

रेतीउपशाची तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलिसांत. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) हद्दीतल्या बांधकामाबद्दल महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. धूपप्रतिबंधक कामाबद्दल महाराष्ट्र सागरी मंडळ आणि महापालिकेचं विभाग कार्यालय. एकच अर्ज सगळीकडे पाठवलात तर प्रत्येक जण तो दुसऱ्याकडे ढकलतो. प्रत्येकाला त्याच्या कामापुरता वेगळा अर्ज लिहा आणि पोच घ्या.

अर्जात ‘उच्चतम भरतीरेषा सरकली’ असं लिहू नका. कायद्यातली ती रेषा केंद्राने नेमलेली संस्था आखते आणि मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात ती दिसते; तुमच्या कचऱ्याच्या रेघेला ते नाव देता येत नाही. त्याऐवजी लिहा: ‘अमुक निशाणापासून अमुक रेघेवर, ६.०० मीटर पातळीचं अंतर या तारखेला इतकं, त्या तारखेला इतकं. परतीच्या मोजणीतली चूक इतके सेंटीमीटर.’

सोबत एवढंच जोडा: रेघांच्या जागेचा नकाशा, निशाणाचं वर्णन आणि फोटो, एकाच महिन्याच्या मोजण्यांचा एकावर एक आलेख, मूळ वहीच्या पानांच्या छायाप्रती. बाद केलेल्या दिवसांची पानंही जोडा. किनाऱ्याची यंत्राने मोजणी करून मिळावी अशी मागणी असेल, तर कोणत्या रेघेवर आणि कोणत्या महिन्यात, हे स्पष्ट सांगा, आणि आधी झालेल्या मोजण्यांची माहिती माहितीच्या अधिकारात मागा.

मूळ वही मात्र कोणालाही देऊ नका. तिची एक छायाप्रत गटाबाहेर, शक्यतो कोळीवाड्यातल्या एखाद्या घरी, दर मोजणीनंतर पोहोचती करा. निशाणाच्या वर्णनाचं पान त्या प्रतीत सर्वांत वर ठेवा.